कलमांचा चाकू तितरांच्या शिकारीला

मी एक जुना चाकू आहे, मित्रांनो, पण भाजी चिरणारा नाही. खापा गावच्या एका लोहाराने मोडक्या करवतीच्या पात्यातून मला घडवलं आणि बाभळीच्या मुठीत असं बसवलं की पातं दुमडून आत जावं. माझे धनी मधुकरराव. सावनेरजवळच्या एका रोपवाटिकेत ते संत्र्याच्या कलमा बांधायचे. जंबेरी लिंबाच्या रोपाच्या सालीला माझ्या टोकाने चीर द्यायची, साल अलगद उचलायची, तिच्यात संत्र्याचा डोळा, म्हणजे फुटायच्या बेतातला कोंब, बसवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची. चीर जरा खोल गेली तर डोळा वाळून जातो. म्हणून मधुकरराव मला रोज सकाळी दगडावर घासत आणि संध्याकाळी पुसून खोबरेल लावत. रोपवाटिकेचे मालक पाहुण्यांना मुद्दाम माझ्याजवळ आणत आणि म्हणत, "या चाकूनं बांधलेली कलम सहसा मरत नाही."

पुढे मधुकररावांचे हात थरथरू लागले. काम सुटलं आणि ते नागपूरच्या महाल भागात, मुलाच्या घरी राहायला आले. मुलाचं नाव सुशील, सुनेचं कामिनी. मी गेलो स्वयंपाकघराच्या खणात, पेचकस आणि संपलेल्या सेलांच्या सोबतीला. तिथे मला चैन पडेना. खण उघडला की वाटायचं, आता आपलं काम निघालं. पण हात शिरायचा तो काडेपेटीसाठी. धार होती, करायला काही नव्हतं. त्या दिवसांत मला कोणी कुठेही नेलं असतं, तरी मी आनंदानेच गेलो असतो.

हिवाळ्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी सुशीलने मला बाहेर काढलं.

सुशील मिहान या उद्योगवसाहतीतल्या एका गोदामात कामाला होता, पण कायम झालेला नव्हता. कायम करणं ज्यांच्या हातात होतं त्या वामनरावांनी त्याला सांगितलं होतं, "उद्या खाप्याकडे तितर मारायला जाऊ. बंदूक माझी, गाडी माझी. पाखरं साफ करायला चाकू तेवढा तू आण." पिकाच्या राखणीसाठी म्हणून वामनरावांकडे परवान्याची बंदूक होती.

सुशीलने ओट्यावर तीन चाकू मांडले. एक भाजीचा, एक नवाकोरा चकचकीत, कोणीतरी भेट दिलेला, आणि तिसरा मी. त्याने एकेकाची धार अंगठ्यावर पाहिली. गॅलरीत जाऊन आला. पुन्हा पाहिली. नवा चाकू खिशात घातला, परत काढला. कामिनी पोळ्या लाटत होती. तिने भाजीचा चाकू उचलून आपल्याकडे ओढून घेतला.

"हा मी देणार नाही. उद्या याच्यानं कोथिंबीर चिरायची आहे मले."

"बरं, नको देऊ."

"अर्धा तास झाला. तुम्ही चाकू शोधून राहिले, की न जायचं कारण शोधून राहिले?"

सुशील पुन्हा माझी धार पाहू लागला.

"तितर मारणं गुन्हा आहे, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. वामनरावांले नाही म्हणू काय? मग जन्मभर टेम्पररी राहू?"

मधुकरराव बाजेवर बसून ऐकत होते. सुशीलने त्यांना विचारलं, "बाबा, पाखराले कोणता चांगला?"

मधुकररावांनी माझ्याकडे पाहिलं. "धार त्याचीच चांगली," ते म्हणाले. "पण मले काहून विचारतो? मी त्याच्यानं जीव घेतला नाही कधी."

तरी सुशीलने मलाच खिशात घातलं. खरं सांगतो, मी हुरळून गेलो. निवडला गेलो होतो ना!

रविवारी सकाळी गाडी खाप्याच्या पुढे कन्हान नदीच्या काठाशी थांबली. एका बाजूला तूर दाट उभी होती, दुसरीकडे कपाशी फुटली होती. तितर ओरडत होते. वामनराव पुढे, सुशील मागे. मी खिशात होतो आणि सुशीलची बोटं सारखी माझ्या मुठीवर येत होती, जात होती. तुरीतून फडफड झाली. वामनरावांनी खाली, आडवा बार काढला.

तितर उडून गेले. कपाशीतून एक बाई किंचाळली.

ती गोपिका. वाकून कापूस वेचत होती म्हणून दोघांनाही दिसली नव्हती. छर्रे तिच्या डाव्या दंडात घुसले होते आणि ओटीतला कापूस लाल होत चालला होता. वामनराव धुऱ्यावरच, वावराच्या बांधावर, थांबले.

"सुशील, चाल, गाडीत बस."

"साहेब, बाई आहे."

"दिसून राहिली मले. तिचे लोक येतीन, घेऊन जातीन. नोकरी पाहिजे की नाही तुले?"

सुशील मागे वळला. चार पावलं गाडीकडे टाकलीही. मग गोपिकाने त्याला हाक मारली. नाव माहीत नव्हतं, म्हणून नुसतं म्हणाली, "भाऊ, जाऊ नको गा."

तो धावत कपाशीत शिरला. त्याने मला उघडलं. मला भीती वाटली. दंडावर तटतटलेली बाही कापायची होती आणि खाली जखम होती. त्याने मला आडवं धरलं आणि कापड तेवढं चिरलं. मग आपल्या गळ्यातल्या दुपट्ट्याच्या पट्ट्या केल्या आणि आवळून बांधल्या. रक्त थांबलं नाही, पण कमी झालं. मागे गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि लांब जात विरून गेला.

तिचा नवरा नत्थूजी पलीकडच्या वावरातून पळत आला. सुशीलच्या हातात मी उघडा, रक्ताने भरलेला. नत्थूजीने वखराची दांडी उचलली. गोपिकाच मधे बोलली, "त्याले नको मारू. तो थांबला." नत्थूजीच्या मोटारसायकलवर तिला दोघांच्या मधे बसवून त्यांनी खाप्याचा दवाखाना गाठला. तिथून मोठ्या दवाखान्यात नेलं. हात वाचला, पण दोन बोटं पूर्ण मिटत नाहीत. आता तिला कापूस उजव्या हातानेच वेचावा लागतो.

छर्ऱ्यांची जखम पाहून दवाखान्याने पोलिसांना कळवलं आणि त्यांनी मला जप्त केलं. कापडात गुंडाळून, लाखेचं सील मारून कपाटात ठेवलं. सुशीलचं काम महिना संपायच्या आत गेलं. वामनरावांचा माणूस घरी येऊन समजावून गेला, "चाकू संत्री सोलायला नेला होता, म्हण. साहेब रानडुकरं हाकलायला गेले होते, चुकून बार उडाला. तूही अडकणार नाहीस, कामावरही घेऊ." कामिनीने त्याला पाणी दिलं, चहा दिला नाही. सुशील मात्र कित्येक दिवस धड जेवला नाही. हे सगळं मला नंतर कळलं, मधुकररावांच्या तोंडून, कोर्टाच्या व्हरांड्यात.

खटल्याची तारीख आली तेव्हा माझं सील फोडलं. मुठीच्या खाचेत रक्त वाळून काळं झालं होतं, पात्यावर गंज चढला होता. सरकारी वकिलांनी मला वर धरून साक्षीला उभ्या सुशीलला विचारलं, "हा चाकू तुमचाच?"

"माझ्या वडिलांचा."

"कशासाठी नेला होता?"

सुशीलने समोर पाहिलं. वामनराव त्याच्याकडे पाहत होते. मागच्या बाकावर गोपिका डावा हात मांडीवर ठेवून बसली होती. खरं बोललं तर शिकारीचा गुन्हा त्याच्याही अंगावर येणार होता. उत्तर ऐकायला न्यायाधीशांनी मान वर केली.

"पाखरं साफ करायला," सुशील म्हणाला. "आम्ही तितर मारायला गेलो होतो."

मधुकररावांनी डोळे मिटून घेतले. वामनराव वकिलाच्या कानाशी लागले. गोपिका सुशीलकडे पाहत राहिली.

निकाल अजून लागायचा आहे. मला पुन्हा कापडात गुंडाळून कपाटात ठेवलं आहे आणि इथे ओल आहे. मित्रांनो, तुमच्या घरच्या चाकूला कोरडं ठेवा, त्याची धार सांभाळा. आणि त्याला खिशात घालून निघण्याआधी घरच्यांना सांगा, कशासाठी नेताय. सांगताना जीभ अडखळली, तर त्याला खणातच राहू द्या. तिथे करमत नाही हे खरं, पण तेवढं सोसता येतं.