नारळाचा भूगोल

तोंडवलीच्या शाळेत चौथीत असताना सुभद्राला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. जगात देश दोनच प्रकारचे: नारळ मिळणारे आणि नारळ न मिळणारे. यात पोरीचा काही दोष नव्हता. तिचे बाबा, गंगाराम, मालवाहू बोटीवर खलाशांचं जेवण रांधायचे आणि निम्मे खलाशी मालवणकडचे. कालवणात नारळ नसला की ही माणसं भर समुद्रात ताटावरून उठायची. म्हणून गंगाराम घरून नारळांचं पोतं घेऊन निघत आणि बंदर आलं की आधी बाजार गाठत. त्यांच्या पत्रांत दुसरा विषय नसे. 'कोलंबोस नारळ उत्तम मिळाले. मोंबासास मिळाले, पण आत पाणी कमी. एडनला नाहीत. लिव्हरपूलला एका दुकानात एकच होता, तो काचेच्या कपाटात ठेवला होता. हात लावू दिला नाही.'

आई, सावित्री, हिला वाचता येत नसे. पत्र वाचून दाखवायचं काम सुभद्राचं. वाचून झालं की ती कोळसा घेऊन गोठ्याकडे पळायची. शाळेतला नकाशा बघून बघून तिने गोठ्याच्या भिंतीवर अख्खं जग काढलं होतं. नारळ मिळाला तिथे गोल, नाही तिथे फुली.

"भिंत काळी केलंस गो! उद्या सारवून टाकतंय बघ," असं आई रोज बजावायची. त्याहून वाईट धमकी दुसरी होती. "चौथीत नापास झालंस तर शाळा बंद." हे नुसतं बोलणं नव्हतं. शेजारची सीता गेल्या वर्षी नापास झाली आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या डोक्यावर मासळीची पाटी आली. सुभद्राला मसुऱ्याच्या शाळेत पाचवीत जायचं होतं. पुढच्या पुस्तकात आणखी देश असतात, असं तिने ऐकलं होतं.

तिचे मास्तर बाप्तिस्त. माणूस देवभोळा आणि भित्रा. एकदा त्यांनी वर्गात विचारलं, "इंग्लंड कशासाठी प्रसिद्ध आहे?"

"थंय नारळ गावत नाय, मास्तर."

"तू माझी नोकरी घालवतलंस!" मास्तर कळवळले. तोंडी परीक्षेला दिपोटीसाहेब, म्हणजे शाळा तपासणारे डेप्युटी इन्स्पेक्टर, स्वतः येणार होते. आठवडाभर मास्तरांनी तिच्याकडून घोकून घेतलं: कोळसा, लोखंड, कापड. सुभद्रा झोपेतही तेच बडबडू लागली.

दिपोटी आले ते घाटावरचे, आणि होडीतून खाडी ओलांडून आल्यामुळे चेहऱ्याने आधीच पिवळे पडलेले. पहिलाच प्रश्न सुभद्राला.

"इंग्लंड दाखव."

तिने बिनचूक दाखवलं.

"काय होतं तिथे?"

कोळसा, लोखंड आणि कापड तिघंही डोक्यातून पसार झाले. सुभद्राच्या डोळ्यांसमोर सीतेची पाटी आली आणि तोंडातून निघालं, "नारळ होत नाही."

वर्ग खदखदून हसला. मास्तरांनी छातीवर क्रूस काढला. दिपोटी मात्र हसले नाहीत. "आणखी कुठे होत नाही?" त्यांनी विचारलं.

आता विचारलंच आहे म्हटल्यावर सुभद्रा कशाला थांबते? पोर्ट सैद, जिनोआ, हॅम्बर्ग. तिचं बोट नकाशावर सरसर फिरलं. मग होतात ती ठिकाणं: कोलंबो, पेनांग, मोंबासा. दिपोटी खुर्चीवरून उठून नकाशाजवळ आले.

"ही सगळी या दोन आडव्या रेघांच्या मध्येच कशी?"

हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. तिने त्या रेघांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "तिथे थंडी पडत नसेल. थंडीत माड जगत नाही."

"बरं. मग एडनसुद्धा मध्येच आहे. तिथे का नाही?"

आता संपलं सगळं, असं तिला वाटलं. पण बाबांचं एक जुनं पत्र आठवलं आणि त्या भरात ती शाळेची भाषा विसरली. "थंय पिवचा पाणी इकत घेवचा लागता, सायबानू. माणसांकच पुरत नाय, माडांक कोण घालतलो?"

दिपोटींनी वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि शेवटी तिच्या नावापुढे 'पास' असा शेरा मारला. मग मास्तरांकडे वळले. "उष्ण कटिबंध असा शिकवतात, हे मला माहीत नव्हतं."

"होय साहेब," बाप्तिस्त मास्तर छाती फुगवून म्हणाले, "प्रयोग चालू आहे."

सुभद्रा उड्या मारत घरी आली. "आये, पास झालंय!"

आई गोठ्यापाशी उभी होती. शेणाची बादली भरलेली, आणि कमरेला खोचलेलं पत्र आजच आलेलं. तिने ते पुढे केलं. सुभद्राने वाचलं. 'हॅम्बर्गहून. शेवटचा नारळ आज फोडला.'

शेवटचा नारळ गंगाराम बोट परतीला लागेल त्या दिवसासाठी राखून ठेवत, हे त्या घरात मांजरालाही ठाऊक होतं. दीड वर्षाने बाबा येणार होते. सुभद्राला एकदम रडूच आलं.

आई भिंतीकडे बघत होती. जन्मात पहिल्यांदाच ती त्या काळ्या रेघांकडे नीट बघत होती.

"ता हॅम्बर्ग खंय आसा? दाखव बघू."

सुभद्राने फुली दाखवली. आईने पदराला हात पुसले आणि फुलीपासून तोंडवलीपर्यंत विती टाकल्या. एक, दोन, तीन.

"तीनच?" ती म्हणाली. "मगे काय लांब नाय."

मग बादली उचलून ती अंगण सारवायला गेली.