उप-उपभागाच्या खाली

ऑफिसात त्याला सगळे मास्तर म्हणत. वीस वर्षं प्रोग्रॅमिंगमध्ये मुरलेला माणूस. एका पंप कंपनीसाठी सुट्या भागांची यादी ठेवणारा प्रोग्रॅम लिहायचं काम त्याच्याकडे होतं. पंपात झडप, झडपेत दांडा, दांड्यावर बूच. त्याने तीन टाइप, म्हणजे माहितीचे साचे, लिहिले: भाग, उपभाग, उप-उपभाग. त्याखालच्या सगळ्याला ‘काहीही’ हा टाइप देऊन टाकला. म्हणजे तिथे कंपायलरने, कोडातल्या चुका पकडणाऱ्या प्रोग्रॅमने, काही तपासायचंच नाही.

मुलं मोठी झाल्यावर पुन्हा नोकरीला लागलेल्या नव्या बाई मीटिंगमध्ये म्हणाल्या, “एकच टाइप पुरेल की. भाग म्हणजे नाव आणि त्याच्या आतल्या भागांची यादी. यादी रिकामी लागली की थांबायचं.”

“भाग म्हणजे काय, तर भाग!” मास्तर हसला. “बाई, ही व्याख्या आहे की भोवरा?”

सगळे खो खो हसले. बाईंनी वही मिटली.

तीन आठवड्यांनी एका सकाळी पंप कंपनीचा फिटर तेलाने माखलेला शर्ट घालून थेट ऑफिसात आला. “यादीत बुचाच्या आतली रबरी कडी नाहीच. मी यादी बघून पंप जोडला आणि चालू केला. तेल अंगावर उडालं, थोडक्यात डोळे वाचले.”

साहेबांनी विचारलं, “यादी दाखवणारा स्क्रीन बाईंनीच केलाय ना? मग चूक त्यांचीच?”

मास्तरला कळून चुकलं. कडी चौथ्या पातळीवर होती, त्याच्या ‘काहीही’मध्ये. तरी तोंडातून निघालं, “बघतो.”



दुपारी त्याने डबा उघडला, पण तो फिटर डोळ्यांसमोरून हलेना. शेवटी डबा तसाच ठेवून तो साहेबांकडे गेला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “चूक माझी आहे. बाईंनी बरोबर सांगितलं होतं, मी टिंगल केली.”

मग तो बाईंच्या टेबलापाशी आला. “माफ करा. तेव्हा हसलो...”

“हसलात ते मी विसरले असते, मास्तर,” बाई म्हणाल्या. “सकाळी माझ्यावर आलं तेव्हा नुसतं ‘बघतो’ म्हणालात ना, ते लागलं.”



बाईंनी शेजारची खुर्ची ओढून दिली. त्याने तिन्ही टाइप पुसले आणि त्या सांगतील तसा एकच लिहिला, स्वतःचंच नाव आत घेणारा. जेमतेम चार ओळी. कंपायलरने लगेच अकरा ठिकाणी चुका दाखवल्या. अकराही त्याच्याच होत्या. तो पहिलीपासून दुरुस्त करायला लागला.