नऊ वर्षं कुणाला?

"हळू गं, गाल आहे तो, भांडं नाही," हे पुटपुटले.

मी ह्यांची दाढी करत होते. अर्धांगवायूला दोन वर्षं झाली. तेव्हापासून उजवा हात मांडीवर पाहुण्यासारखा बसून असतो.

"भांडं असतं तर गप्प तरी बसलं असतं," मी म्हटलं.

दारात लेक उभी, हातात तिची पुठ्ठ्याची पट्टी. ती आरोग्याच्या अर्थशास्त्रात पीएचडी करते. म्हणजे डॉक्टर होणार, पण खोकल्याचं औषध विचारलं की म्हणते, तो डॉक्टर वेगळा. आजारपणानं माणसाचं जगणं किती उणं होतं, ते ती आजाऱ्यांनाच विचारून मोजते. पट्टीवर शून्य ते दहा वर्षं, वर सरकता काटा. बाहेर विचारण्याआधी सरावाला घरातली दोन माणसं धरली.

माझा कागद पाच मिनिटांत झाला. काळजी कोण घेतं? मी. किती तास? उठल्यापासून. दमता का? "नाही, लिही." तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं, मग लिहिलं.

ह्यांची मुलाखत मात्र दार लावून. "तिसरं माणूस नको, आई. नियम आहे." बाहेर आली ती डोळे पुसत. कांदा तर मी चिरत होते.

माझ्या मनात पाल चुकचुकली. ती अंघोळीला गेल्यावर मी फाईल उघडली. शाळा माझी सातवीत सुटली, पण छापील अक्षर मला चकवत नाही. 'आज आहात तसे आणखी दहा वर्षं जगणार असाल, तर पूर्ण बरं होण्यासाठी त्यांतली किती वर्षं द्याल?' पुढे लेकीच्या अक्षरात: नऊ.

नऊ! म्हणजे ह्यांना एकच वर्ष हवंय. माझ्या हातचं जगणं इतकं नकोसं झालं?

त्या दिवसापासून मी गोळ्या मोजायला लागले. वस्तरा वरच्या फळीवर गेला. रोज ह्यांच्या उशीखाली हात.

"काय शोधतेस?"

"झुरळ."

"उशीखाली?"

"त्यांनाही आराम लागतो हल्ली."

लेक मला पाहून फाईल मिटायची, हे तिला पाहून डोळे मिटायचे. तिघं एकमेकांवर पहारा ठेवून होतो, चहा मात्र वेळेवर होत होता.

आठवड्यानं ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक गोळी सापडली.

"साठवताय?" मी गोळी ह्यांच्यापुढे धरली.

"अगं, डावा हात तो. निसटली असेल."

"निसटली! नऊ वर्षं देऊन मोकळे व्हायला निघालात ना?"

लेक आतून धावत आली. "आई, तू फाईल उघडलीस?"

"उघडली. कर मला नापास."

ती ह्यांच्यासमोर बसली. "बाबा, मलाही हेच विचारायचं होतं, धीर होत नव्हता. आमच्या गाईड मॅडम म्हणाल्या, उत्तर फार टोकाचं आहे, त्यांना प्रश्न कळला होता का, पुन्हा विचार." तिनं पट्टी पुढे धरली.

ह्यांनी डाव्या हातानं काटा सरकवला. थेट नऊवर. "न कळायला काय झालं? नऊ द्यायची. हिला."

"कुणाला?"

"तुझ्या आईला. माझ्यापायी हिची दोन गेली. बरं होऊन एक वर्ष मिळालं तरी मला पुरे."

"बाबा, ती वर्षं कुणालाच मिळत नाहीत. नुसती कमी होतात."

"मग 'द्याल' कशाला छापलंस? दिलेलं कुणाच्या तरी हातात पडतंच की. 'टाकाल' छापायचं."

लेकीला आधी हसू फुटलं, मग तिनं फाईलीत तोंड लपवलं. जरा वेळानं पेन्सिल काढून 'द्याल'वर काट मारली.

मी ती गोळी ह्यांच्या तळहातावर ठेवली, पाण्याचा पेला दिला. गिळेपर्यंत बघत राहिले. सवय.

"मला नकोत तुमची वर्षं," मी म्हटलं. "ठेवा तुमच्यापाशी, लागतील." आणि लेकीकडे वळले. "पेन्सिल काढलीच आहेस, तर माझ्या कागदावरचं ते 'नाही' पण खोड. दमलेय मी."