मास्तरांचा हातगुण

"मास्तर आले!" जिन्यावरून कुणीतरी ओरडलं आणि सुवाच्या बंदरावरचं फेरी कंपनीचं अख्खं ऑफिस हातातलं काम टाकून यंत्रखोलीच्या दाराशी गोळा झालं. तिकीट खिडकीवरच्या बायका आल्या, धक्क्यावरचे हमाल आले, एका बोटीचा कप्तान तर चक्क टोपी काढून उभा राहिला. एरोनी मास्तरांनी कुणाकडे पाहिलं नाही. खिशातून खोबरेलाची बाटली काढली, दोन थेंब तळव्यावर चोळले आणि यंत्राच्या लोखंडी कपाटाला हात टेकून डोळे मिटले.

"परक्या गावात पाऊल टाकायच्या आधी आपण काय करतो?"

"सेवुसेवु!" सगळे एका सुरात.

"यांगोनाच्या मुळांची जुडी घेऊन गावच्या प्रमुखापुढे बसतो, आत येऊ का म्हणून विचारतो. मग यंत्र नव्या घरात शिरतं, त्याची परवानगी कोण मागणार? उमेंद्र मागणार? त्याला बटण दाबण्यापलीकडे येतं काय?"

लोक हसले. व्यवस्थापक उमेंद्रही ओशाळून हसला.

"आता सगळे बाहेर. चाळीस मिनिटं कुणी कशाला शिवायचं नाही. आणि ती पोरगी कुठाय?"

"खाली धक्क्यावर, मास्तर."

"तिथंच राहू दे तिला."

चाळीस मिनिटांनी दार उघडलं, तर काळाठिक्कर पडदा उजळलेला! बायकांनी टाळ्या पिटल्या. कप्तानानं मास्तरांचा हात आपल्या कपाळाला लावला. शिकलेली माणसं हो ही! वादळाचा अंदाज आकड्यांवरून काढणारी.

ती पोरगी म्हणजे लोसा, लोसालिनी. सात आठवड्यांपूर्वी हीच यंत्रखोली तिच्या ताब्यात होती. काम साधं होतं. कंपनीची बारा यंत्रं, तिकिटांचं, मालाचं, पगाराचं, खरी यंत्रं नव्हतीच. एका मोठ्या यंत्राच्या पोटात फाइली होऊन राहणारी ती भाडेकरू यंत्रं. जुन्या घरमालकानं, म्हणजे ती प्रणाली विकणाऱ्या कंपनीनं, भाडं वाढवलं, म्हणून त्यांना नव्या घरात हलवायचं होतं. हलवायला फुकट मिळणारं एक संगणकी अवजारही होतं.

लोसानं पहिलं यंत्र हलवलं. पडदा काळा. ऑफिसचा नियम असा, की पाच मिनिटं काळा पडदा दिसला की बंद करून पुन्हा चालू करायचं. तिनं केलं, आणि यंत्र कायमचं मेलं. दुसरं हलवलं, तेही मेलं. तिसऱ्याला उमेंद्रनं मास्तरांना बोलावलं. एरोनी मास्तर म्हणजे लोसाच्या शाळेतले संगणकाचे शिक्षक, वर्षभरापूर्वी निवृत्त झालेले. तिला ही नोकरीही त्यांच्याच शब्दावर लागलेली. मास्तरांनी हात ठेवला आणि यंत्र उठून बसलं!

मग ते लोसाकडे वळून सगळ्यांदेखत म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस पोरी. तुझा हात जड आहे. काहींचा असतो."

झालं. दुसऱ्या दिवसापासून लोसा धक्क्यावर पोती मोजायला. तिनं दिलेला चहा कुणी घेईना. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, लोसाचाही त्यावर विश्वास बसला. मास्तर बोलले होते ना! दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर तिनं त्याला फाडून खाल्लं असतं. तिची बहीण आकानिसी त्याच आठवड्यात बाळंत झाली. "घे की गं भाचीला," असं ती रोज म्हणायची आणि लोसा हात पाठीमागे बांधून म्हणायची, "सर्दी आहे मला." सात आठवडे कसली सर्दी!

मेलेल्या दोघांच्या मूळ प्रती पुन्हा हलवून, एकूण अकरा यंत्रं झाली होती. उरलं मालाच्या याद्यांचं. ते झालं की महिनाअखेर लोसाचा करार संपणार होता, आणि तो पुढे वाढणार नाही, हे उमेंद्रनं सांगून टाकलं होतं.

शुक्रवारी चहावाली आना धक्क्यावर आली ती हसत हसतच.

"अगं, मंगळवारी एक गंमत झाली. बॉसनं यंत्र चालू करून ठेवलं आणि मास्तर पुराच्या पाण्यानं पुलापलीकडे अडकले. हात लावायची कुणाची छाती होईना. मी कपबशा न्यायला आत गेले, तर पडदा लख्ख उजळलेला! मास्तर आले तासाभरानं. त्यांनीही पाहिलं. तरी बाई, तेल चोळलंच त्यांनी!"

"मग तू बोलली का नाहीस?"

"माझं कोण ऐकतं?"

लोसाच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली. हाताशिवाय उठलं? मग हाताचा संबंध काय? जेवणाच्या सुट्टीत तिनं त्या अवजाराच्या दुरुस्त्यांची यादी उघडली. प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर अशी यादी येते आणि ती कुणी म्हणून वाचत नाही. कुठल्या कुठे बसलेल्या माणसांनी एकेक दोष शोधून, निस्तरून, एकेका ओळीत लिहून ठेवलेला असतो. बाविसावी ओळ अशी होती: हलवलेलं यंत्र पहिल्यांदा चालू होताना जुन्या घरातल्या, आता नसलेल्या भागाच्या उत्तराची अर्ध्या तासाहून जास्त वाट पाहत बसतं, तोवर पडदा काळा राहतो, मध्येच बंद केल्यास यंत्र निकामी होतं, दोष दुरुस्त केला आहे.

म्हणजे तिनं फक्त घाई केली होती! ती उभ्या उभ्या रडली. मग तिनं खालची मूळ तक्रार उघडली. दीड वर्षापूर्वीची. शेवटी तक्रारदारानं लिहिलं होतं, "नव्या आवृत्तीनं अडचण गेली. यंत्र दोन मिनिटांत चालू होतं. आभार." खाली नाव होतं एरोनी, आणि पत्ता तिच्याच शाळेचा.

दुसरा कुणी एरोनी असेल, अशी तिनं मनाची समजूत घालून पाहिली. पण त्या शाळेत एकच एरोनी होता. कंपनीच्या यंत्रावर "अवजार बदलू नये, जुनीच आवृत्ती ठेवावी" अशी चिठ्ठी चिकटवलेली होती, आणि ते अक्षर लोसा सहावीपासून ओळखत होती. तिच्या वह्यांवर शेरे मारणारं अक्षर होतं ते.

सोमवारी ती उमेंद्रपुढे उभी राहिली. "बॉस, शेवटचं यंत्र आहे. त्याच्या तीन प्रती काढून तीन वेगळ्या कपाटांत ठेवा. फाइलच आहे ती, मूळ प्रत शाबूत राहील. दोन जुन्याच आवृत्तीनं हलवा, त्यातल्या एकीवर मास्तरांनी हात ठेवावा. दुसरी बंद खोलीत ठेवा, किल्ली कप्तानांकडे. तिसरी नव्या आवृत्तीनं हलवा. तिच्यावर मी हात ठेवते, हा जड हात."

"पुन्हा मेलं तर?"

"तर मी महिनाअखेरची वाट बघत नाही. आजच जाते."

मास्तर आले, त्यांनी ऐकलं आणि चेहरा पाडला. "तीन प्रती? हा यंत्राचा अपमान आहे. श्रद्धेची अशी परीक्षा घ्यायची नसते."

"मास्तर," कप्तान म्हणाला, "मी रोज होकायंत्र तपासून बोट काढतो. त्याचा कधी अपमान झाला नाही."

मग मास्तरांना पर्याय उरला नाही. त्यांनी तेल चोळलं, डोळे मिटले. बंद खोलीत चिटपाखरू नव्हतं. लोसानं दोन्ही तळवे आपल्या कपाटावर दाबून धरले.

दोन मिनिटांत लोसापुढचा पडदा उजळला.

"अगं बाई, लोसाचा हातगुण!" तिकिटवाली सालोते किंचाळली. "हिचाच हात खरा!"

"लोसा, माझ्या संगणकावरपण ठेव गं!"

लोसानं चटका बसल्यासारखे हात काढून घेतले. "खबरदार कुणी हातगुण म्हणाल तर! सात आठवडे मला पांढऱ्या पायाची ठरवलंत, आता देवी करताय? थांबा चाळीस मिनिटं."

सगळे थांबले. मास्तरांची प्रत उजळली ती अडतिसाव्या मिनिटाला. कप्तानानं किल्ली फिरवली. बंद खोलीतली प्रतही उजळलेली होती, वेळेची नोंद तंतोतंत तीच.

"बघा," लोसा म्हणाली, "आत कुणाचा हात होता? जुन्या अवजारात दोष होता. यंत्र अर्ध्या तासाहून जास्त नुसतं खोळंबून राहायचं. मी घाईनं बंद केलं म्हणून मेलं. मास्तरांनी तुम्हाला बाहेर काढलं म्हणून जगलं. नव्या अवजारात तो दोषच नाही. एवढंच आहे सगळं! कुणाच्या हाताला गुण नाही आणि कुणाच्या हाताला दोष नाही. काही अडलं की कारण विचारा, लिहिलेलं वाचा, ताडून बघा."

मग तिनं तक्रारीचा कागद मास्तरांपुढे धरला. उमेंद्रनं तो घेऊन मोठ्यानं वाचला. शेवटचं नाव वाचताना तो अडखळला.

"मास्तर, तुम्हाला माहीत होतं," लोसा म्हणाली. "'आधी वाच, मग हात लाव,' हे मला शिकवलंत तुम्हीच."

मास्तर तळव्यावरचं तेल पुसू लागले. "निवृत्त झाल्यावर वर्षभर कुणी फोनसुद्धा केला नाही गं. इथं मी जिना चढलो की लोक उठून उभे राहायचे."

"उठून उभे राहिलेच असते, खरं सांगितलं असतंत तरी. पण माझा हात जड असं का म्हणालात? ते तर मागितलंही नव्हतं कुणी."

मास्तर जिन्याकडे वळले. जाताना ते म्हणाले, रीतीप्रमाणे घरी येऊन माफी मागतो. लोसा म्हणाली, "या. बसायला चटई टाकीन. माफ करीन की नाही, ते आज सांगता येत नाही." खोबरेलाची बाटली तिथंच राहिली. आनानं ती उचलून कचऱ्यात टाकली.

उमेंद्रनं करार वाढवला, ती चिठ्ठी स्वतः फाडली आणि तिच्या जागी दुरुस्त्यांची यादी लावली. लोसा घरी गेली तेव्हा आकानिसी कपडे वाळत घालत होती आणि भाची चटईवर रडत होती.

"तुझी सर्दी गेली का?" बहिणीनं विचारलं.

"सर्दी नव्हतीच," लोसा म्हणाली आणि तिनं भाचीला उचलून घेतलं. पोर थोडी कुरकुरली, मग तिच्या खांद्यावर झोपी गेली. सात आठवडे वाया गेले होते मावशीचे आणि भाचीचे, एका माणसाच्या शब्दाखातर. आपल्या आसपास कुणाचा हात जड ठरवला जात असेल, तर वाचकहो, आधी विचारा: ताडून पाहिलंत का?