दोरीवर वाळत घातलेली भाषा

मी आता जुनीच म्हणायची. एके काळी निळी होते, उन्हानं पांढुरकी झालेय. मित्रांनो, पिरंगुटला गोजराबाईंच्या घरी आलात तर अंगणात मान वर करून बघा. ओसरीच्या खांबापासून जांभळीच्या झाडापर्यंत कपडे वाळत घालायची जी नायलॉनची दोरी दिसेल, ती मी. बांधलेली आहे म्हणायचं एवढंच. मुळशीकडून वारा सुटला की मला एका जागी थांबणं काही जमत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. मशीननं माझे पेड वळले तेव्हा गरगरलं होतं, एवढंच आठवतं. १९९८ साली गोजराबाईंचे मालक भिवाजी यांनी पौडच्या बाजारातून मला आणलं ते गवताचे भारे बांधायला. पुढे रानात कारखान्याची शेड उभी राहिली, बैल गेले, एक म्हैस तेवढी परसात राहिली, गोठ्याच्या जागी भाड्याच्या खोल्या आल्या आणि मी अंगणात आले. मग काय, तेलाचे डाग पडलेल्या पँटी, कंपनीचे निळे शर्ट, सदरे, गोधड्या. खोलीत कोण राहायला आलंय हे मला कपड्यांवरूनच कळायचं.

२००५ साली लंगोट आले. छोटेसे, धुऊन धुऊन मऊ पडलेले.

ते आरोहीचे. तिचे आईबाबा, जान्हवी आणि अमोघ, लातूरकडचे. अमोघ शेंगदाण्याचं तेल काढायची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत होता. कंपनीनं ती यंत्रं बसवायला त्याला थेट आफ्रिकेत, नायजेरियातल्या कानो शहरात पाठवलं. बस्तान बसलं की तुम्हा दोघींना नेतो, म्हणाला. तिकडे बाजारात, शेजारीपाजारी हौसा भाषा बोलतात, तेवढी थोडी शिकून ठेव.

शिकायला वेळ कुठला? आरोही झोपली की भांडी, भांडी झाली की आरोही उठायची. अमोघच्या एका सोबत्यानं तिकडच्या भाषेची काही झेरॉक्स पानं दिली होती, ती तशीच पडून होती. शेवटी जान्हवीनं जुन्या लग्नपत्रिका कापल्या, कोऱ्या बाजूला शब्द लिहिले आणि चिमट्यांनी माझ्यावर लावले. लंगोट, शब्द, लंगोट, शब्द. धुणं वाळत घालता घालता वाचायची. पाऊण बादली होईपर्यंत आरोही उठायचीच, आणि वाक्य अर्धंच लटकत राहायचं.

मीही तिच्याबरोबर शिकले. आपल्या मराठीत क्रियापद शेवटी येतं. 'ती दूध प्यायली' म्हणताना पिणं सगळ्यांत मागे. हौसात ते मधे येतं. पहिल्या चिमट्यात कोण, मधल्यात काय केलं, तिसऱ्यात कशाचं. 'ता शा मदारा.' ता म्हणजे ती, शा म्हणजे पिणं, मदारा म्हणजे दूध. दुधाच्या जागी रुवा लावलं की पाणी, मागानी लावलं की औषध. ताच्या जागी या लावलं की तो प्यायला, ना लावलं की मी प्यायले. मधला शा मात्र तसाच. जेवणासाठी 'या ची अबिंची', तो जेवला. आणि काम अजून चालू असेल तर याचं याना होतं: 'याना बर्ची', तो झोपलाय.

गोजराबाई ओसरीत बसून बघायच्या. त्यांनी एकदा विचारलं, की बये, लेकरू बोलायला शिकायचं का आई? जान्हवी हसली होती.

त्या पानांत पहिलं पान नमस्काराचं होतं. सकाळी काय म्हणायचं, घरचं कसं विचारायचं, दमलात का म्हणून कसं विचारायचं. ते जान्हवीनं एकदा वाचून मागे ठेवलं. घाई होती ना तिला. ते कधी माझ्यावर लागलंच नाही.

मग एका रविवारी अमोघचा फोन आला नाही. सोमवारी नाही, मंगळवारीही नाही. कंपनीत विचारलं तर ताप आहे म्हणाले, काळजी करू नका म्हणाले, पुढचं कुणाला माहीत नव्हतं. जान्हवी आरोहीला खांद्यावर टाकून अंगणात येरझाऱ्या घालायची. मोबाइलला रेंज फक्त माझ्याखाली, जांभळीच्या अंगाला मिळायची. एका हातात फोन आणि दुसऱ्या हातानं मला धरून ती उभी राहायची. मला हलताही यायचं नाही.

बुधवारी दुपारी फोन उचलला गेला. पण आवाज एका बाईचा, वयस्कर. अमोघच्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या तलातू नावाच्या बाई, हे जान्हवीला अमोघच्या बोलण्यातून ठाऊक होतं. त्यांना हौसाशिवाय काही येत नाही, हेही.

"इना अमोघ?" जान्हवीनं विचारलं. अमोघ कुठंय?

"इना क्वाना?" पलीकडून सावकाश आलं.

"याना असिबिती?" दवाखान्यात आहे का?

पुन्हा तेच, "इना क्वाना? इना गिदा?"

जान्हवी फोनवर हात ठेवून गोजराबाईंकडे वळली. "मावशी, ती सांगतच नाहीये. काहीतरी लपवतेय."

"आण हिकडं," म्हणत गोजराबाईंनी फोनच घेतला. "व्हय बाई, आमी बऱ्या हाय. तुजं कसं हाय? पोरंबाळं बरी हायेत न्हवं?"

पलीकडून खळखळून हसू आलं. मग बरंच काही बोलणं. गोजराबाई व्हय व्हय करत राहिल्या.

"काय म्हणाली?"

"मला काय ठावं. पर वंगाळ झाल्यालं असतं तर बाई अशी हसली असती व्हय? आधी तिला बरी हाईस का म्हण. दारात आल्या आल्या का कुणी भांडं मागतं?"

जान्हवीनं डोळे पुसले. तिला ते पहिलं पान आठवलं: इना क्वाना म्हणजे रात्र कशी गेली, इना गिदा म्हणजे घर कसं आहे; तिकडे अजून सकाळच होती. तिनं उत्तर दिलं, "लाफिया लाऊ." सगळं ठीक. मग तिनंही विचारलं, घर कसं आहे, मुलं कशी आहेत, दमलात का. पलीकडचा आवाज मऊ झाला. लहान मुलाला सांगावं तसं एकेक वाक्य येऊ लागलं.

"या शा मागानी."

जान्हवीनं माझ्यावर लावलेल्या शब्दांच्या चिठ्ठ्यांवर बोट ठेवलं. औषध घेतलं.

"या ची अबिंची."

जेवला.

"याना असिबिती?" तिनं पुन्हा विचारलं, या वेळी हळू.

"आ-आ. याना गिदा. याना बर्ची."

नाही, घरीच आहे. झोपलाय.

जान्हवी धुण्याच्या दगडावर बसली आणि हुंदके देऊन रडली. गोजराबाई आरोहीला घेत म्हणाल्या, "आता गं का? झोपलाय न्हवं त्यो? मग झोपू दे की."

संध्याकाळी अमोघचाच फोन आला, आवाज खोल गेलेला. दिवाळीनंतर दोघी कानोला गेल्या. महिन्या-दोन महिन्यांनी जान्हवीचा फोन येतो. आधी गुडघा कसा आहे, म्हैस कशी आहे, भिवाजीकाका कसे, दमलात का. "मुद्द्याचं बोल की," गोजराबाई करवादतात. मग फोन ठेवून दिवसभर तेच सगळ्यांना सांगत बसतात.

आता २०१० चालू आहे. भाडेकरू कपडे बाल्कनीतल्या स्टँडवर घालतात. माझे पेड सुटलेत. गोजराबाईंचा नातू साहिल म्हणतो, अंगणात गाडी लावायची तर ही दोरी आड येते, कोयत्यानं तोडून टाकू. वारा नसला तरी मी हलते हल्ली.

मित्रांनो, जुनी वस्तू कधीतरी काढावी लागतेच. माझी त्याला ना नाही. एवढंच मागते, की मला तोडू नका. गाठ सोडा. पावसानं ती घट्ट झालीय, नखं दुखतील, वेळ लागेल. तेवढा वेळ द्या.