देवापुढचं ताजं पाणी

थिरीने माझा ब्रश ओला करून पेल्यात ठेवला, माझ्या पलंगावरची चादर चुरगाळली आणि उशीवर माझी जपमाळ टाकली.

"आंटी, तुम्ही काही बोलू नका. मी बोलते."

"खोटं?"

"मग खरं बोलू? खरं बोलले तर माझं सामान खाली लिफ्टपाशी."

तोआ पायो या वस्तीतलं हे सरकारी घर माझ्या नावावर आहे. त्यातली एक खोली मी थिरीला भाड्याने दिलेली. नियम असा, की खोली द्यायची तर मालकाने स्वतः त्याच घरात राहायचं. पण ताईला झटका आल्यापासून मी झोपायला तिच्याकडे जाते. सकाळी इथे येते, बुद्धापुढचं पाणी बदलते, पंचशील म्हणते आणि परत ताईकडे. कुणीतरी तक्रार केली. थिरी मंडालेची, वृद्धाश्रमात काम करते. खोल्यांची भाडी अशी चढली आहेत की इथून निघाली तर तिला परवडेल अशी दुसरी जागा नाही. हे तिलाही ठाऊक होतं, मलाही.

तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याचं नाव हाफिझ. बूट दाराबाहेर काढून, मान लववून तो आत आला. बाहेर शेजारच्या क्वेकबाई कुंड्यांना पाणी घालत होत्या. कुंड्या केव्हाच्या भरून वाहत होत्या.

हाफिझने माझी खोली पाहिली, न्हाणीघर पाहिलं. मग माझ्याकडे पाहत थिरीला विचारलं, "मॅडम सोह रोज इथेच झोपतात?"

"रोज. घोरतातसुद्धा. भिंत हलते."

तो हसला. माझे कान तापले.

जाता जाता तो देवापाशी थांबला. पाण्याचे तीन पेले, ताजी फुलं, उदबत्तीची अजून न गळलेली राख.

"आमच्या शेजारी सगळी चिनी घरं," तो म्हणाला. "घरात माणूस राहत नसलं की सगळ्यात आधी या पेल्यांवर धूळ बसते. इथे तर सगळं आजचं. तक्रारीत काही अर्थ नाही, मॅडम."

तो बूट घालायला वाकला. थिरीने माझा हात घट्ट दाबला.

मी तर खोटं बोललेच नव्हते. गप्प राहिल्याने शील मोडत नाही, असं मी मनाला समजावलं. पण माझ्याऐवजी ते पाणी साक्ष देत होतं. खोटं बोलणार नाही असं म्हणतच सकाळी ते ठेवलेलं.

"थांबा," मी म्हटलं. "मी इथे झोपत नाही. बहिणीकडे झोपते. ती अंथरुणाला खिळली आहे."

त्याच्या हातात एक बूट तसाच राहिला. "मॅडम, मी निघालो होतो."

"दिसलं मला."

"आता मला लिहावं लागेल. परवानगी रद्द होऊ शकते."

"आणि आजपासून मी इथेच झोपले तर?"

"तेही लिहीन. पण न सांगता पुन्हा येईन."

थिरी खोलीत गेली. तिने बॅग ओढून पलंगावर उघडली.

"जीभ तुमची स्वच्छ राहिली, आंटी. घर माझं गेलं."

मी दारातच उभी राहिले.

"अजून गेलं नाही," मी म्हटलं. "ताईला इथे आणते. मला एकटीला टॅक्सीत बसवता येत नाही. येतेस?"

"आणि झोपवणार कुठे?"

"माझ्या पलंगावर. मी खाली."

ती बॅगेपासून बाजूला झाली. मग चपला शोधत म्हणाली, "तुम्हाला उचलता येत नाही. मागच्या वेळी पाठ धरून बसला होतात."

"एक मिनिट," हाफिझ दारातून म्हणाला. "त्या इथे राहणार असतील तर त्यांचंही नाव कळवावं लागेल."

मी ताईचं नाव सांगितलं. त्याने लिहून घेतलं. निकाल काय लागेल ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

आम्ही निघालो तेव्हा थिरीची बॅग पलंगावर तशीच उघडी होती.