मामांची अपुरी धाव

पाचवी कसोटी आपण एका धावेनं जिंकली. मालिका जिंकली, करंडकाचा बूट परत आला आणि एकशे नऊ वर्षांत पहिल्यांदाच दोन्ही देशांचे विजय सारखे झाले, एकतीस-एकतीस.

हे तुम्ही वाचलेलं नाही. आपण जिंकून दोन दिवस झाले तरी आमच्या घरात पाचव्या कसोटीचा अजून दुसराच दिवस चालू होता, उपाहाराला अर्धा तास बाकी होता आणि काय होईल ते कोणालाच माहीत नव्हतं. मला तर नव्हतंच नव्हतं.

याचं कारण मामा. माझ्या आईचे थोरले भाऊ. चौतीस वर्षं ते मैदानावर गुणलेखक होते. म्हणजे सगळे सामना बघत असताना जो माणूस मान खाली घालून वहीत ठिपके काढतो, तो. निवृत्त झाले, बिनलग्नाचे होते, ‘थोडे दिवस’ म्हणून आमच्याकडे आले आणि माझ्या खोलीत या दोन देशांच्या कसोटी क्रिकेटचा इतिहास लिहायला बसले. त्याला आता एकोणीस वर्षं झाली.

त्यांचा नियम एकच. ‘जे मी लिहिलं नाही, ते घडलं नाही.’ दुसऱ्याच्या आकड्यावर त्यांचा विश्वास नाही. जुन्या सामन्यांच्या गुणवह्या त्यांनी मिळवून मिळवून पुन्हा उतरवल्या. नवे सामने ते रेकॉर्ड करतात आणि सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, एकेक चेंडू थांबवून, तीन रंगांच्या पेन्सिलींनी वहीत लिहितात. एका दिवसाच्या खेळाला त्यांना साडेचार दिवस लागतात. तोवर घरात निकाल उच्चारायचा नाही. बाबा पेपरातल्या खेळाच्या बातम्या कापून मगच पेपर टेबलावर ठेवतात. मामा पेपरच्या भोकातून पलीकडच्या आईकडे बघून म्हणतात, “आज बातम्या कमी आहेत.”

तीन तारखेला दुपारी आपण जिंकलो तेव्हा रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न, थाळ्या, शिट्ट्या, नुसता धुडगूस. मामा खोलीतून बाहेर आले.

“काय झालं गं?”

“कोणाचं तरी लग्न आहे, दादा,” आई भांडी घासता घासता म्हणाली.

“सगळ्या रस्त्याचं?”

“सामुदायिक आहे.”

मामांनी मान डोलावली आणि आत गेले. बाबा तेव्हा न्हाणीघरात कानाला इअरफोन लावून, तोंडात टॉवेल कोंबून नाचत होते.

आता माझं घोडं कुठे अडलंय ते सांगतो. मी अठ्ठावीस वर्षांचा आहे, मिक्सरसोबत येणाऱ्या माहितीपुस्तिका लिहितो आणि हॉलमधल्या सोफ्यावर झोपतो. सोफा पाच फुटी आहे. मी नाही. माझ्या अकरा बाय नऊच्या खोलीत एकशे नऊ वर्षांच्या वह्या छतापर्यंत रचलेल्या आहेत. मधून एक वाट आहे, तिला मामा खेळपट्टी म्हणतात आणि चप्पल घालून जाऊ देत नाहीत. कुठल्यातरी दौऱ्याखाली माझा पलंग आहे. असावा.

येत्या अठ्ठावीस तारखेला माझं नोंदणी पद्धतीनं लग्न आहे. मुलगी दातांची डॉक्टर आहे, घरात सगळे तिला डॉक्टरीणबाई म्हणतात. तिच्या भाड्याच्या खोलीची मुदतही त्याच दिवशी संपते. तिनं आमची खोली पाहिली आणि शांतपणे विचारलं, “लग्नानंतर मी कुठे झोपायचं? एकोणीसशे चोपन्नच्या दौऱ्यावर?”

पण मामांनी शब्द दिला होता. “बरोबरी झाली की पूर्णविराम. विजय सारखे झाले की पुस्तक संपलं, वह्या ग्रंथालयाला, खोली तुझी. बरोबरीवर इतिहास संपवला म्हणजे दोन्ही देशांत कोणी मला मारणार नाही.”

मामांनी सुरुवात केली तेव्हा आपण नऊ विजयांनी मागे होतो. एकोणीस वर्षं मी क्रिकेट पाहिलं ते देशप्रेमानं नव्हे, पलंगासाठी. आणि आता बरोबरी झाली होती. मामांनी हिशेबानं बावीस तारखेपर्यंत शेवटचा चेंडू गाठायचा, एवढंच उरलं होतं. मी रोज कामावरून आलो की हळूच विचारायचो, “कुठवर आलं?” जसं काही पेशंटबद्दल विचारतोय.

या वैराला ‘बूट’ का म्हणतात तेही सांगायला हवं, कारण मामांच्या पुस्तकात त्यावर साठ पानं आहेत. पहिल्याच कसोटीत त्यांच्या जलद गोलंदाजाच्या डाव्या बुटाचा तळ उघडला. त्यानं बूट भिरकावला, एक पाय अनवाणी ठेवून गोलंदाजी केली आणि सात बळी घेतले. आपल्या कर्णधारानं तक्रार केली की एक पाय हलका झाल्यामुळे गोलंदाजाला गैरफायदा मिळाला. पंचांनी त्याला दोन्ही बूट काढून खेळायला सुचवलं. त्यानं काढले, आणि पहिल्याच चेंडूवर त्याचा अंगठा आणि त्रिफळा एकदम गेले. तो डावा बूट फळीवर ठोकून करंडक झाला. पुढे अकरा वर्षं दोन्ही देशांत एकही सामना झाला नाही, कारण बुटाला पॉलिश जिंकणाऱ्यानं करायचं की हरणाऱ्यानं, यावर मंडळांचं एकमत होईना. शेवटी पॉलिश करायचंच नाही असं ठरलं. आता तो बूट उंदरानं सोडलेल्या भाकरीसारखा दिसतो आणि त्यासाठी लाखो माणसं रडतात.

दहा तारखेला, म्हणजे तिसऱ्या दिवशी उपाहारानंतर, मामांनी आतून हाक मारली. “भाच्या, इकडे ये. गंमत बघ.”

मी चपला काढून खेळपट्टीवरून गेलो. पडद्यावर आपला आठव्या क्रमांकाचा फलंदाज, चेंडू कव्हरला ढकलून दोन धावा पळालेला. मामांनी चित्र मागे नेलं, थांबवलं.

“पहिल्या धावेनंतर वळताना बघ. बॅट रेषेपर्यंत पोचलीच नाही. अपुरी धाव! पंच बघत होते कुठे? त्यांनी दोन दिल्या. मी एकच लिहितो.”

एका धावेनं जिंकलेला सामना. त्यातली एक धाव हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत, लाल पेन्सिलनं, खोडत होता.

“मामा, पंचांनी दिलीय ना. मग दिली.”

“पंच पंचाचं काम करतो, मी माझं.”

“पण धावफलकावर...”

“धावफलक लाकडाचा असतो. मी हाडामासाचा आहे.”

“अहो, एका धावेसाठी कशाला उगाच?”

“तेच म्हणतोय मी! एका धावेनं काय आभाळ कोसळणार आहे? अजून दोन दिवसांहून जास्त खेळ आहे. या एकीनं कुणाचं काही बिघडत नाही रे.”

आता मी काय सांगणार? ‘बिघडतं’ म्हटलं तर निकाल फुटतो. निकाल फुटला तर मामा सामना बाद धरतात आणि पुढच्या मालिकेची वाट बघतात. ती चार वर्षांनी. एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या न्हाव्यानं जिन्यात नुसतं “काय हो, हसताय का आज?” विचारलं, तर मामांनी त्या कसोटीची वही अर्धवट सोडून दिली होती; ती अनिर्णित राहिली म्हणून विजयांचा हिशेब वाचला.

मला त्रयस्थ माणूस हवा होता. डॉक्टरीणबाईला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही. संध्याकाळी ती आली तशी मी तिला आत ढकललं. “तू बघ. बॅट रेषेला लागलीय की नाही? अगदी नीट बघ हं.” मी डोळ्यांनी खूप काही सांगत होतो. तिला वाटलं माझ्या डोळ्यात काही गेलंय.

तिनं पिशवीतून दवाखान्यातला तो भिंगाचा चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि पडद्याला नाक लावलं. खोलीत एकशे नऊ वर्षं श्वास रोखून उभी होती.

“नाही टेकली,” ती म्हणाली. “फट आहे.”

“शाब्बास पोरी!” मामा टुणकन उठले. “किती असेल?”

“पडद्यावर दोन मिलिमीटर.”

“दोन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही!” मी ओरडलो.

“दातांत दोन मिलिमीटर म्हणजे मैदान असतं,” ती म्हणाली आणि मामांनी वहीच्या समासात तिची साक्षीदार म्हणून सही घेतली.

जिन्यात मी तिला सगळं सांगितलं. ती पायरीवर बसली.

“म्हणजे मी माझीच खोली घालवली?”

“दोन मिलिमीटरनं.”

“मग आधी सांगायचंस ना!”

“सांगितलं असतं तर खोटं बोलली असतीस?”

तिनं विचार केला. “नाही. पण चष्मा घातला नसता.”

पुढचे बारा दिवस आमच्या घरात फाशीची तारीख माहीत असलेल्या माणसांसारखी शांतता होती. फक्त मामा मजेत होते. आई रोज त्यांना विचारायची, “दादा, ती एक धाव देऊन टाक ना रे. भाच्याच्या लग्नाचा आहेर समज.” मामा म्हणायचे, “माझी असती तर दिली असती. ती घडलीच नाही.” बाबांनी तर गुपचूप रबर घेऊन खेळपट्टीवर घुसायचा प्रयत्न केला. मधल्या एका दौऱ्याला खांदा लागला आणि तीन मालिका त्यांच्या अंगावर कोसळल्या. त्या रचताना मामांनी त्यांनाच धरलं, क्रमवार.

बावीस तारखेला दुपारी आतून आवाज आला. किंकाळी आणि हसू यांच्या मधला. आम्ही धावलो. मामा उभे होते, डोळ्यांत पाणी, हातात वही.

“टाय!” ते म्हणाले. “एकशे नऊ वर्षांत पहिला टाय! दोन्हीकडे सारख्या धावा, शेवटचा गडी बाद. आणि हे जगात फक्त मला ठाऊक आहे!”

मामांनी मायेनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“आपले विजय तीसच राहिले रे. बरोबरी हुकली. तुझ्यासाठी वाईट वाटतं. पण इतिहासाला काय म्हणणार?”

“मामा, अख्खं जग म्हणतंय आपण जिंकलो,” मी म्हणालो. आता लपवण्यासारखं काय राहिलं होतं?

“जगाला भिंगाचा चष्मा नाही.” मग त्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला. “आणि खरं सांगू? एक अपुरी धाव सुटली, तर आधीच्या सामन्यांत किती सुटल्या असतील? जेवढी चित्रीकरणं मिळतील तेवढी मागवावी लागणार. जागा लागेल. हॉलचा तो सोफा जरा सरकवता येईल का?”

डॉक्टरीणबाई दारात उभी होती. दवाखान्यातूनच आली होती, पांढऱ्या कोटात. मी तिच्याकडे बघितलं. ती मामांकडे बघत होती, कवळी बसत नसलेल्या पेशंटकडे बघावं तशी.

“मामा,” तिनं विचारलं, “ती धाव परत मिळायला काय करावं लागेल? नियमात बसेल असं सांगा.”

मामांनी प्रामाणिकपणे विचार केला. ते कधीच दुसरं काही करत नाहीत, तीच तर पंचाईत आहे.

“दोन्ही मंडळांनी तो चेंडू पुन्हा टाकला,” ते म्हणाले, “आणि तो नीट पळाला, तर मी लिहीन. माझी हरकत नाही.”

“लेखी?”

“लेखी.”

ती माझ्याकडे वळली. “ए मिक्सरवाल्या, कागद घे.”

प्रति,
मा. सचिव, दोन्ही देशांची क्रिकेट मंडळं, यांस

विषय: पाचव्या कसोटीतील एक चेंडू पुन्हा टाकण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, सदर कसोटीच्या तिसऱ्या दिवशी उपाहारानंतर आपल्या आठव्या क्रमांकाच्या फलंदाजानं कव्हरला मारलेला चेंडू त्याच मैदानावर, त्याच गोलंदाजाकडून, शक्यतो तशाच उन्हात, येत्या सत्तावीस तारखेच्या आत पुन्हा टाकण्यात यावा. फलंदाजानं पहिली धाव पूर्ण करताना बॅट रेषेच्या पलीकडे किमान दोन मिलिमीटर टेकवावी व टेकवल्याचं दातांच्या नोंदणीकृत डॉक्टरांकडून तपासून घ्यावं. फलंदाज निवृत्त झाला असल्यास त्याच्या उंचीचा दुसरा चालेल. बूट मध्ये आणू नये. हे शक्य नसल्यास, अर्जदार व त्याची पत्नी यांची एकोणीसशे चोपन्नच्या दौऱ्यावर, चौथ्या कसोटीच्या डाव्या बाजूस, पाय सरळ करता येतील इतक्या जागेत कायमस्वरूपी निवासाची सोय करण्यात यावी, ही नम्र विनंती.